लखमानं पाय का लावला नाही

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, धाकट्या भावापाशी नाही. आणि देवापाशी? देवापाशी तर मुळीच नाही, कारण प्रकरण त्याच्याशीच आहे. तुमच्यापाशी का बोलतोय, ते मलाही धड सांगता येणार नाही. ऐकायला बसलाच आहात तर एक करा, मला घाई करू नका. मी सरळ मुद्द्यावर येणारा माणूस नाही. कधीच नव्हतो — तेच तर सांगायचं आहे.

आधी खेळाचं सांगतो. तो कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

जव्हारचं संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझे वडील दरबारच्या कचेरीत कारकून होते, ते मामलेदार कचेरीत कारकून झाले. टेबल तेच, भिंतीवरची तसबीर तेवढी बदलली. त्याच सुमारास आमच्या शाळेत दळवी मास्तर ड्रिल शिकवायला आले. लढाईवर जाऊन आलेले. छावणीत अमेरिकन सोल्जरांच्या शेजारी राहून ते एक खेळ शिकले होते — बेसबॉल. जव्हारात कुणी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. मास्तरांनी शिवणीच्या लाकडाचा दांडका सुताराकडून करून घेतला, चिंध्यांच्या गोळ्यावर कातडं शिवून घेतलं, आणि गोणपाटात भाताचं तूस भरून तीन ठेपे केले. पहिला ठेपा, दुसरा ठेपा, तिसरा ठेपा. चौथ्या जागेला मात्र ते ठेपा म्हणत नसत. ते घर.

मास्तरांना त्या घराचं भारी कौतुक. म्हणायचे, "ठेपे वाटेवरचे आहेत रे. तिथं थांबा, दम घ्या. पण मोजतात ते घर. घरून निघायचं आणि फिरून घरी यायचं. तीन ठेपे पळालात आणि घराला पाय लागला नाही, तर तुम्ही बाहेर पडलाच नव्हतात असं धरतील." चेंडू टाकणाऱ्यानंही तो घरावरूनच टाकायचा, गुडघ्याच्या खाली नाही, छातीच्या वर नाही. मारणारा उभा राहतो तो घराच्या बाजूला, झेलणारा बसतो तो घराच्या मागे. घराला पाच कोपरे. पुढून सरळ, मागे निमुळतं होत गेलेलं टोक. मैदानाच्या दोन्ही चुन्याच्या रेघा त्या टोकातून निघायच्या आणि दूर आंब्यापर्यंत जायच्या. ते घर हललं तर सगळं मैदानच वाकडं होतं, असं मास्तर सांगायचे.

आणि आमचं घर सारखं हलायचं. गोणपाटाचं केलं, त्याच्या चिंध्या झाल्या. फरशीचा तुकडा पुरला, तो पहिल्याच आठवड्यात तडकला. मास्तर म्हणाले, लाकडाची जाड फळी हवी, हातभर रुंद, जमिनीला समतळ बसेल अशी. मी पटकन हात वर केला. म्हणालो, मी आणतो सर, सागाची आणतो. वडिलांच्या ओळखीचे लाकडाचे ठेकेदार आहेत.

ओळखीचे होते. पण वडील असल्या ओळखी वापरणाऱ्यांतले नव्हते. "फुकट फळी आज घेतली की उद्या मला त्याच्या कागदावर सही करावी लागेल," एवढं बोलून ते पेपरात डोकं घालून बसले. झालं. शेखी मिरवून बसलो होतो, आणि आता रिकाम्या हातानं मास्तरांपुढे जायचं. तुम्ही म्हणाल, एवढंच ना? होय, एवढंच. कसल्या कसल्या गोष्टींसाठी माणूस काय काय करून बसतो.

आता लखमाचं सांगतो. टाळत होतो.

लखमा साखरशेतचा, कोकणा समाजातल्या शेतकरी घरातला. शाळेच्या बोर्डिंगात राहायचा. अंगानं काटक, बोलणं कमी. पळायला लागला की बघत राहावं. चेंडू आंब्यापलीकडे गेला की मास्तर मोजायचं सोडून नुसते हसत उभे राहायचे. मला हेवा वाटायचा का? वाटायचा. पण तो माझा मित्रही होता, खरंच होता. इंग्रजीत तो दोनदा नापास झालेला, मी त्याच्याकडून स्पेलिंगं घोकून घ्यायचो आणि तो मला डाव्या बाजूचा चेंडू कसा मारायचा ते दाखवायचा. हेडमास्तरांनी त्याला सांगून ठेवलं होतं की बोर्डिंगातली जागा आता दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल. दळवी मास्तर मध्ये पडले. जानेवारीत झेंडावंदनाच्या दिवशी मोखाड्याच्या मुलांबरोबर सामना ठरला होता. त्यात त्याला एकदा बघा सर, मग काय ते ठरवा, म्हणाले. हेडमास्तर कबूल झाले. म्हणजे लखमाची शाळा त्या सामन्यावर होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं — हे ध्यानात ठेवा.

दिवाळीच्या आधी वाघबारस येते. लखमानं मला घरी नेलं. त्या दिवशी गावाच्या शिवेवर वाघदेवाची पूजा असते. सागाची उभी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगभर शेंदूर. नवा तांदूळ शिजवून आधी त्याला दाखवायचा, मग घरात खायचा. तो शिवेवर उभा आहे म्हणून गुरं घरी परत येतात, असं लखमाचे वडील सांगत होते. मी त्यांच्या घरी नव्या तांदळाचा भात खाल्ला, नागलीची भाकरी खाल्ली, उडदाची डाळ दोनदा मागून घेतली. त्याच्या आईनं मला अंथरायला घरातली एकुलती चांगली घोंगडी दिली.

देवाच्या बाजूला गवतात एक जुनी फळी आडवी पडलेली होती. खालचा भाग कुजून गेलेला, वरचा हातभर मात्र लोखंडासारखा. मी लखमाला विचारलं, ही तुम्ही टाकून दिली का? तो म्हणाला, "टाकाचा नाय. जुना देव कोणी काढत नाय. तो आपसूक मातीत जातो. तवरीक तो पन देवच."

बघा, मला माहीत होतं. मी शहाणा होतो, मला सांगितलेलंही होतं. अजाणता झालं, असं म्हणायची सोयच मी ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लखमाचा काका पेंढ्याची गाडी घेऊन जव्हारला निघाला, त्या गाडीत मला बसवून दिलं. लखमा सुट्टी संपेपर्यंत घरीच राहणार होता. शिवेपाशी मी काकाला म्हणालो, जरा थांबा, लघवीला जाऊन येतो. काका बैलांना गवत दाखवत पुढे उभा राहिला. मी गवतातून ती फळी उचलली, गाडीच्या मागून पेंढ्याखाली सरकवली आणि वर चढून बसलो. त्यांच्याच गाडीतून, त्यांच्याच पेंढ्याखाली. काका वाटेत मला त्यांच्या बैलांची नावं सांगत होता आणि मी हं हं करत होतो.

घरी आल्यावर ओळखीच्या सुताराची करवत आणली. खालचं कुजकं काढलं, मग मागचे दोन कोपरे तिरपे कापून टोक काढलं. मागची बाजू किड्यांनी पोखरलेली निघाली, त्यामुळे कोरलेली बाजूच वर ठेवावी लागली. वाघाच्या, चंद्राच्या खाचा बुजवायला रंगाऱ्याची जाड लांबी भरली, घासली, वरून पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. कापलेले तुकडे आईनं बंबात घातले. त्या पाण्यानं मी आंघोळ केली. सांगताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा आला नव्हता. तेव्हा मी गाणं म्हणत होतो.

मास्तरांनी माझी पाठ थोपटली. फळी इतकी चांगली होती की ती रोजच्या खेळात वापरायची नाही, सामन्याच्या दिवशीच पुरायची असं ठरलं.

सामन्याचा दिवस उजाडला. मामलेदारसाहेब, हेडमास्तर, बाजारातले दुकानदार, सगळे खुर्च्या टाकून बसलेले. खेळ कुणालाच कळत नव्हता, पण टाळ्या सगळे वाजवत होते. मोखाड्याची मुलं तयारीची होती. डाव रंगला. जो तो त्या पांढऱ्या घरावर पाय आपटत येत होता, कुणी घसरत येत होतं. लखमासुद्धा एकदा आला. तोही त्यावर पाय देऊन, हात वर करून हसत गेला. त्याला तेव्हा काही माहीत नव्हतं.

शेवटचा डाव. आम्ही एका धावेनं मागे, दोघे बाद झालेले, तिसरा बाद झाला की खेळ संपला. मारायला लखमा आणि त्याच्यानंतर मी. म्हणून मी दुसरा दांडका घेऊन घराच्या अगदी जवळ उभा होतो. दिवसभरच्या पायांनी रंग सुटला होता, लांबीचे पोपडे उडाले होते. मी ते बघितलं. वरच्या कोपऱ्यात चंद्राची कोर स्वच्छ दिसत होती. तिच्याखाली दोन कान.

लखमा घराच्या बाजूला उभा राहिला, दांडका उचलला आणि नेहमीसारखी खाली नजर टाकली. मग दांडका खाली आला. तो वाकला. त्यानं हातानं माती पुसली. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं ते. वर्गात एखादं स्पेलिंग अडलं की तो माझ्याकडे बघायचा ना, तसं बघत होता. मी काय केलं? मी माझ्या दांडक्याला लागलेली माती झाडू लागलो.

मोखाड्याचा पोरगा ओरडला, खेळतो का नाही? लखमानं दांडका उचलला आणि पहिलाच चेंडू असा मारला की तो आंब्यावरून पलीकडे गेला. मग तो पळाला. पहिला ठेपा, दुसरा ठेपा. लोक खुर्च्यांवरून उठले. तिसरा ठेपा मागे पडला तेव्हा चेंडू अजून कुठं आंब्यापाशी होता. नुसता चालत आला असता तरी धाव होती. दळवी मास्तर ओरडत होते, "घर! लखमा, घर!"

आणि घरापासून दोन पावलांवर तो थांबला. पुरता थांबला. मैदानावर आवाज कमी कमी होत गेला. त्यानं खाली पाहिलं, त्याचे पाय मागेपुढे झाले — आणि तो तिथंच गुडघ्यावर बसला, दोन्ही हात मातीला लावून. चेंडू आला. मोखाड्याच्या मुलानं तो झेलला, आरामात दोन पावलं पुढे आला आणि लखमाच्या पाठीला लावला. बाद. सामना गेला.

मास्तरांनी त्याला हलवून विचारलं, काय झालं रे? पाय का नाही लावलास? तो बोलला नाही. हेडमास्तर खुर्चीवरून उठून आले. मामलेदारसाहेबांपुढे त्यांची फजिती झालेली, चेहरा लाल झालेला. त्यांनीही विचारलं. लखमा खाली मान घालून उभा. मग हेडमास्तर माझ्याकडे वळले. "तू जवळ होतास. काय झालं याला?"

इथं मी नेहमी अडतो. इतकी वर्षं मनातल्या मनात सांगतानासुद्धा इथंच अडतो. फळी आणली ती चोरी होती, पण ती पोरकटपणात जमा झाली असती. छड्या बसल्या असत्या, वडिलांनी महिनाभर बोलणं टाकलं असतं. एक वाक्य बोलायचं होतं. लखमा माझ्याकडे बघतही नव्हता. मला अडचण नको म्हणून बघत नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी त्याच्या घरचा पाहुणा होतो ना.

मी म्हणालो, "घाबरला सर. चेंडू येताना बघून घाबरला."

हे मी बोललो. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही.

दळवी मास्तरांनी लखमाचा खांदा सोडून दिला. त्यांना चिडताना मी पाहिलं होतं, पण त्या वेळी ते चिडले नाहीत, नुसते बाजूला झाले. लढाईवर जाऊन आलेल्या माणसाला तो एक शब्द पुरेसा होता. हेडमास्तर म्हणाले, बघितलंत ना दळवी, याच्यासाठी तुम्ही भांडत होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात घराच्या जागी खड्डा होता. फळी नव्हती. बोर्डिंगात लखमाही नव्हता. प्रार्थनेला हेडमास्तरांनी सगळ्या शाळेसमोर सांगितलं की भित्रा तर भित्रा, वर शाळेची वस्तू चोरून पळाला. त्याचं नाव काढून टाकलं. मी रांगेत पुढून तिसरा-चौथा उभा होतो. शाळेची वस्तू! मी मूग गिळून उभा राहिलो, आणि प्रार्थना सुरू झाल्यावर इतरांबरोबर मोठ्यानं म्हटली. पुढं संघाचा कप्तान मला केलं. वर्षभरात दळवी मास्तरांची बदली झाली आणि बेसबॉल जव्हारातून गेला तो गेलाच.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण अजून एक राहिलंय.

पुढं मीही वडिलांच्याच कचेरीत लागलो. काही वर्षांनी निवडणुकीच्या कामावर साखरशेतला जायची पाळी आली. टाळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. शाळेच्या पडवीत आम्ही पेट्या उतरवल्या, आणि दुपारी जेवायला बोलवायला कोण आलं असेल? लखमा. आडवा-उभा भरलेला, मिशा आलेला. त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "चला भाऊसाहेब, घरला जेवाया."

भाऊसाहेब.

तेच घर, तीच नागलीची भाकरी, तीच डाळ. त्याचा बाप म्हातारा झाला होता पण गप्पिष्ट तसाच. मला तो ओळखत नव्हता. कचेरीचा माणूस म्हणून कौतुकानं बोलत होता. जेवताना तो हसत हसत सांगायला लागला, "आमचा लखमा जव्हारला साळंत व्हता भाऊसाहेब. तं सोबत देव घेऊन गेला! आमी हिकडं सोधतो, देव नाय. त्याच हिवाळ्यात वाघानं गाय नेली. मंग ह्यो देव पाठीवर घेऊन आला, पांढरा रंग मारलेला. गावानं इचारला, कोनी नेला? तं म्हने, मीच नेला. दोन साल कोनी त्याला शिवेवर पूजेला उभा केला नाय." आणि म्हातारा पुन्हा हसला. "पोरगाच तो. साळंत नेऊन देवाला काय सिकवाचा व्हता, कोन जाने."

मी घास हातात धरून बसलो होतो. जव्हारात तो शाळेचा चोर, गावात देवाचा चोर. दोन्हीकडे मीच होतो, आणि दोन्हीकडे नाव त्याचं. म्हातारा समोर होता, बायका चुलीपाशी ऐकत होत्या. एक वाक्य तेव्हाही बोलता आलं असतं. आता हेडमास्तर नव्हते, छड्या नव्हत्या, वडीलही राहिले नव्हते. मग कुणाची भीती होती? सांगता येत नाही. मी म्हणालो, "लहानपणी होतं असं."

लखमानं माझ्या ताटात डाळ वाढली. "जेवा भाऊसाहेब," म्हणाला. एवढंच.

संध्याकाळी निघताना शिवेवरून गाडी गेली. तो जुना देव आता नव्या देवाशेजारी उभा केलेला होता. मी कापून काढलेलं टोक जमिनीत चांगलं घट्ट बसलं होतं. शेंदूर नवा होता. वाघाच्या कानांत माझा पांढरा रंग मात्र अजून तसाच होता. मी गाडी थांबवली नाही. त्यानंतर मी साखरशेतला गेलो नाही. लखमा आज आहे की नाही, मला ठाऊक नाही. कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलं नाही.

त्या दिवशी हेडमास्तरांनी मला जे विचारलं होतं, त्याचं उत्तर तेवढं सांगून ठेवतो. सर, लखमा घाबरला नव्हता. घर म्हणून आम्ही जे जमिनीत पुरलं होतं, तो त्याच्या गावचा देव होता, म्हणून त्यानं पाय लावला नाही. तो मी आणला होता. मी त्यांच्या घरी जेवून निघालो होतो, तेव्हा आणला.